दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे कुणी द्यायचे?

कॉस्मेटिक सर्जरीचा निर्णय बहुतेक जण चारचौघांत बोलून घेत नाहीत. नाकावरचा उंचवटा, बाळंतपणानंतर सैल पडलेलं पोट, विरळ झालेले केस, वर्षानुवर्षं मनात सलणारी एखादी गोष्ट असते. त्यासाठी पैसे साठवले जातात किंवा हप्ते बांधले जातात, सुट्टी काढून ऑपरेशन होतं. काही महिन्यांनी आरशात दिसतं ते मनासारखं नसलं, तर बोलायचं कुणाशी? घरचे म्हणतात, "कुणी सांगितलं होतं?" डॉक्टर म्हणतात, "थांबा." विमा कंपनी दारात उभं करत नाही. आणि दुरुस्तीचा खर्च विचारला, तर आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघतो.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू नीट ऐकाव्यात म्हणून हा संवाद रचला आहे. मावशी पुण्यातली प्लास्टिक सर्जन, भाची ग्राहक आयोगात रुग्णांच्या बाजूने उभी राहणारी वकील. दोघी आणि त्यांचे रुग्ण काल्पनिक आहेत. त्यांच्या बोलण्यातले कायदे, निकाल आणि शस्त्रक्रियेचे बारकावे मात्र खरे आहेत.

भाची : मावशी, माझ्याकडे एक मुलगी आली आहे. सत्तावीस वर्षांची, हिंजवडीत नोकरी करते. चार महिन्यांपूर्वी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. उंचवटा गेला, पण शेंडा जाड दिसतो, जरा एका बाजूला कलल्यासारखा. डॉक्टरांकडे गेली तर म्हणाले, वर्षभर थांबा. तिला वाटतंय, ते वेळ मारून नेताहेत. खरं सांगू? मलाही तसंच वाटलं.

मावशी : तिचं नाक मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तिच्या डॉक्टरांबद्दल मी काही बोलणार नाही. पण "वर्षभर थांबा" हे मीही सांगते आणि मनापासून सांगते. नाकाची सूज वरून खाली उतरत येते. शेंड्याची सगळ्यांत शेवटी जाते. चौथ्या महिन्यात शेंडा चिमटीत धरून हलकेच दाबून बघ. टणक लागतो, आणि रुग्ण सांगतो की तिथे अजून बधिर वाटतंय. वर्षाने तोच शेंडा मऊ पडलेला असतो, खालच्या कूर्चेची कड बोटाला कळते. कातडी जाड असेल तर आणखी वेळ लागतो. सुजेच्या आत नेमकं काय आहे हे कळायच्या आधी पुन्हा चाकू लावला, तर जे आपोआप बसणार होतं तेच मी बिघडवून ठेवीन.

भाची : शास्त्र मान्य. पण माझ्याकडे घड्याळ वेगळं चालतं. ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. ते कारण ऑपरेशनच्या दिवशी घडलं की दोष कळला त्या दिवशी, यावरच पुढे वाद होतो. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं. तू एक वर्ष थांबायला सांगतेस. मग तपासणी, दुसऱ्या डॉक्टरचं मत, पुन्हा बोलणी, यांत आणखी सहा-आठ महिने जातात. तुमच्या सल्ल्याचा मान राखणारा रुग्ण हक्क गमावण्याच्या काठावर येऊन उभा राहतो.

मावशी : या बाजूने मी विचार केला नव्हता. मग थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरने ते लेखी द्यावं. तारीख, आज काय दिसतंय, कशाची वाट बघतोय, पुन्हा कधी बघणार. प्रत्येक भेटीत फोटो घ्यावेत, तेही त्याच अंतरावरून, त्याच उजेडात, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून. मोबाइलच्या सेल्फीत नाक आहे त्याहून मोठं दिसतं. त्यावरून रुग्णानेही निष्कर्ष काढू नये आणि वकिलानेही.

भाची : हे लेखी कागद मला मिळाले, तर निम्मी भांडणं आयोगापर्यंत येणारच नाहीत. आणि एक गोष्ट तूच सांग, म्हणजे कुणी "थांबा" हा शब्द नको तिथे लावणार नाही. कधी थांबायचं नाही?

मावशी : वाढत जाणारं दुखणं, ताप, पू, थांबत नसलेला रक्तस्राव, कातडी काळी-निळी पडणं, श्वास अचानक कोंडणं. फिलरचं इंजेक्शन घेतल्यावर डोळ्यांना कमी दिसू लागलं, किंवा त्या भागाची कातडी पांढरी पडून ठणकू लागली, तर तासाभराचाही उशीर करायचा नाही. त्या वेळी पैशांचा वाद बाजूला ठेवून जवळच्या मोठ्या रुग्णालयात जायचं. दिसण्याबद्दलची नाराजी वर्षभर थांबू शकते, पण यांतलं एकही लक्षण थांबू शकत नाही.

भाची : आता पैशांकडे येते. या मुलीने पॅकेज घेतलं होतं. समजा, दीड लाखाचं. दुरुस्तीबद्दल विचारलं तर सांगितलं, दोन लाख. जे काम मनासारखं झालंच नाही, त्यासाठी पुन्हा पैसे, आणि तेही जास्त? पहिल्या ऑपरेशनचे हप्ते अजून चालू आहेत तिचे.

मावशी : जास्त का, ते आधी ऐक. पहिल्या वेळी आकार द्यायला लागणारी कूर्चा नाकाच्या मधल्या पडद्यातूनच मिळते. दुसऱ्या वेळी ती बहुधा संपलेली असते. मग कानामागून घ्यावी लागते. ती पुरली नाही तर बरगडीची. म्हणजे छातीवर दुसरी जखम, जास्त वेळ भूल, रुग्णालयात एखादी रात्र जास्त. शिवाय आत व्रणाच्या ऊतींचं जाळं झालेलं असतं, थर सुटे होत नाहीत. दुसरं ऑपरेशन हे पहिल्याहून अवघडच असतं आणि त्यात हवं ते मिळण्याची शक्यता पहिल्याहून कमी असते. हे रुग्णाला पहिल्या भेटीतच कळायला हवं.

भाची : पण कळत नाही. पहिल्या भेटीत काय दिसतं? इन्स्टाग्रामवरचे आधीचे-नंतरचे फोटो, संगणकावर घडवलेलं नवं नाक, आणि "आज बुकिंग केलंत तर सवलत". वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांना जाहिरातीची मनाई केली आहे, तरी हे राजरोस चालतं. विकताना निकाल दाखवायचा आणि तक्रार आली की "शरीराची हमी कुणी देऊ शकत नाही" म्हणून हात वर करायचे. माझा राग यावर आहे.

मावशी : हमी खरंच देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात तेच म्हटलं आहे. सर्जन निकालाची खात्री देत नाही, वाजवी कौशल्य आणि काळजी यांची देतो. एकाच हाताने, एकाच पद्धतीने केलेल्या दोन नाकांचे व्रण वेगळे भरतात. पण तुझा राग मला खोटा ठरवायचा नाही. ज्याने चित्र दाखवून गिऱ्हाईक मिळवलं, त्याला त्या चित्रापासून नंतर दूर पळता येऊ नये. मी संगणकावर आकृती दाखवते तेव्हा तिची प्रत रुग्णाच्या फाइलमध्ये जाते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं की हा आमचा बेत आहे. यांतलं अमुक साधेल असं वाटतं, तमुक साधणं अवघड आहे.

भाची : आणि संमतिपत्र? छापील चार पानं, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, गाऊन घातल्यावर हातात देतात. खाली एक ओळ : मला सर्व समजले आहे. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपचाराचं स्वरूप, त्यातले धोके, पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्याशिवाय दिलेली संमती खरी संमती नाही. माझं म्हणणं, दुरुस्तीची शक्यता आणि तिचा खर्च हीसुद्धा त्या माहितीचाच भाग आहे. शंभरातल्या काही जणांना नाकाचं दुसरं ऑपरेशन लागतं हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक असतं ना?

मावशी : असतं. वैद्यकीय साहित्यात साधारण पाच ते पंधरा टक्के हा आकडा सारखा येतो. सर्जनचा अनुभव आणि नाकाची गुंतागुंत यांनुसार तो हलतो. म्हणजे विरळा अपघात म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. तिचा हिशेब आधीच मांडायला हवा, इथपर्यंत मी तुझ्याबरोबर आहे.

भाची : मग मांड हिशेब.

मावशी : तुझं दीड लाखाचंच उदाहरण घेऊ. त्यांतले समजा सत्तर हजार सर्जनचे, पंचवीस हजार भूलतज्ज्ञांचे, चाळीस हजार रुग्णालय आणि ऑपरेशन थिएटरचे, उरलेले तपासण्या, औषधं, साहित्य. माझा नियम असा : जे साधायचं ठरलं होतं ते साधलं नाही, रुग्ण सांगितलेल्या भेटींना येत राहिला, आणि वर्षभराने तपासल्यावर दुरुस्तीने फायदा होईल असं मला वाटलं, तर माझे सत्तर हजार मी घेत नाही. पण भूलतज्ज्ञ माझ्यासाठी फुकट काम करणार नाहीत आणि रुग्णालय थिएटर मोफत देणार नाही. ते रुग्णाने भरावेत.

भाची : म्हणजे रुग्णाच्या खिशातून ऐंशी हजार जाणारच. बरगडीची कूर्चा लागली तर अधिक. वर रजा बुडते, सोबत राहणाऱ्या आईची रजा बुडते. विम्याचा आधार नाही. विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांत कॉस्मेटिक सर्जरी आहे. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला तातडीचा धोका असताना लागणारे उपचार, एवढ्यांनाच त्यातून सूट. इतर उपचारांना मिळते ती जीएसटीची सवलतही इथे मिळत नाही. सगळा भार एकट्या रुग्णावर.

मावशी : तो फरक करण्यामागे एक जुना विचार आहे. नाकाच्या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास आपल्या पुण्याजवळूनच सुरू होतो. इंग्रज फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवाला टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते सचित्र छापून आलं आणि त्यावरून युरोपातले सर्जन शिकले. गेलेलं परत देणं आणि आहे ते बदलणं, यांत समाज फरक करतो. सगळ्यांच्या विमा हप्त्यांतून पहिल्याचा खर्च भागवावा, दुसऱ्याचा ज्याचा त्याने करावा, असं कुणी म्हटलं तर मला ते अन्यायाचं वाटत नाही.

भाची : पहिल्या ऑपरेशनपुरतं मलाही वाटत नाही. पण बिघडलेलं कुणी निस्तरायचं, हा प्रश्न वेगळा आहे. २०१० मध्ये फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीचे स्तनांचे इम्प्लांट औद्योगिक सिलिकॉनचे निघाले. ब्रिटनमध्ये अनेक बायकांनी ते खासगी क्लिनिकमध्ये बसवून घेतले होते. क्लिनिकने जबाबदारी झटकली तर इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने ते काढून द्यायची तयारी दाखवली, पण नवे बसवून देणार नाही म्हणाली. वेल्सने नवेही बसवून द्यायचं ठरवलं. फसवणूक एकच, बायका तशाच, आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे उत्तर वेगळं. कारण आधी कुणी काही ठरवून ठेवलेलं नव्हतं.

मावशी : मग तुझा उपाय काय?

भाची : दुरुस्तीचा खर्च पहिल्या पॅकेजमध्येच धरा. प्रत्येक रुग्णाकडून थोडी जास्त रक्कम घ्या. ज्यांना दुसरं ऑपरेशन लागेल त्यांचं रुग्णालय आणि भूल त्यातून भागवा. ठरवलेला आकार आला नाही, तर रुग्णाने पुन्हा एक पैसाही भरू नये.

मावशी : इथे मी तुझ्याशी सहमत नाही, आणि पैशांच्या लोभाने म्हणत नाही. दुसरं ऑपरेशन फुकट आहे म्हटलं की ते करून घ्यावंसं वाटतं. ज्या नाकाला मी "आता हात लावू नका" म्हणेन, त्याचाच मालक म्हणेल, पैसे तर भरलेत. प्रत्येक ऑपरेशनला भुलीचा धोका आहे, कातडीचा रक्तपुरवठा दर वेळी कमी होतो. शिवाय अवघड नाकं, फाटलेल्या ओठाचे जुने रुग्ण, आधी दोनदा ऑपरेशन झालेले लोक, यांना सर्जन दारातूनच परत पाठवतील. खर्चाचा थोडा भार रुग्णावर असला तर निर्णय विचाराने होतो.

भाची : विचार करायला लावायचं काम डॉक्टरच्या "नाही" ने व्हावं, रुग्णाच्या गरिबीने नको. सध्या काय होतं माहीत आहे? ज्याच्याकडे पैसे आहेत तो दुसऱ्या-तिसऱ्यांदा करून घेतो. ज्याच्याकडे नाहीत तो खरा दोष घेऊन जगतो.

मावशी : "नाही" म्हणणं सोपं नसतं गं. काही माणसं येतात, ज्यांचा दोष मला भिंगातून शोधावा लागतो आणि त्यांचा मात्र दिवस त्यात जातो. दहा वेळा आरसा बघतात, लग्नकार्याला जात नाहीत. हा आजार आहे. १८९१ मध्ये इटलीचे डॉक्टर मोर्सेली यांनी त्याचं वर्णन केलं. कॉस्मेटिक सर्जरीला येणाऱ्यांत त्याचं प्रमाण एरवीपेक्षा बरंच जास्त. ऑपरेशनने त्यांना बरं वाटत नाही, तक्रार दुसरीकडे सरकते. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं हाच उपचार.

भाची : मान्य. पण हे निदान तक्रार आल्यावर बाहेर काढू नका. "तुमच्या डोक्यातच आहे" हे वाक्य मी कितीतरी रुग्णांकडून ऐकते, आणि त्यांतल्या काहींच्या नाकपुड्या खरोखर बंद झालेल्या असतात. मन तपासायचं तर ऑपरेशनच्या आधी, पैसे घेण्याच्या आधी. पैसे घेताना शहाणा असलेला माणूस तक्रार करताना आजारी कसा होतो?

मावशी : हे तुझं शंभर टक्के बरोबर आहे. श्वासाचं तर वेगळंच. एका नाकपुडीने हवा येत नसेल तर ती आवडीनिवडीची गोष्ट राहत नाही. ती तपासून मोजता येते, आणि तिची जबाबदारी सर्जनने टाळू नये. तुझ्या त्या मुलीला आधी हेच विचार.

भाची : विचारीन. आणि तिला आणखी तीन गोष्टी सांगणार आहे. पहिली, कागदपत्रं लेखी मागून घे. नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात.

मावशी : ऑपरेशनची नोंद तर नक्की मागायला सांग. कूर्चा कुठून काढली, किती उरली, काही इम्प्लांट घातलं असेल तर त्याचं लेबल. ते नसेल तर दुसरा सर्जन अंधारात हात घालतो.

भाची : दुसरी, डॉक्टर बदलायच्या आधी पहिल्या डॉक्टरला लेखी तक्रार देऊन उत्तराची संधी दे. तिसरी, मोफत दुरुस्तीच्या बदल्यात "माझी काहीही तक्रार नाही, कुठे लिहिणार-बोलणार नाही" असा कागद पुढे केला, तर वाचल्याशिवाय सही करू नकोस.

मावशी : आणि एवढं करून आयोगात गेलीच तर?

भाची : १९९५ पासून डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली येते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. पण मी तिला खोटी आशा दाखवणार नाही. नाक आवडलं नाही एवढ्यावर दावा टिकत नाही. निष्काळजीपणा, अपुरी माहिती किंवा पाळलं न गेलेलं आश्वासन दाखवावं लागतं. वैद्यकीय परिषद डॉक्टरवर कारवाई करू शकते, पैसे परत मिळवून देत नाही. म्हणून अशा प्रकरणात मला मध्यस्थी आवडते. २०१९ च्या कायद्याने आयोगांना जोडून तिची सोय केली आहे. टेबलाशी बसून सर्जनने फी सोडली, रुग्णालयाने निम्मं उतरवलं, तर चार वर्षांच्या निकालापेक्षा ते बरं.

मावशी : मग त्या टेबलाशी आधीच बसू या ना. पहिलं ऑपरेशन व्हायच्या आधी.

यानंतरही दोघींचं एका मुद्द्यावर एकमत झालेलं नाही. चूक कुणाचीच नाही, पण ठरवलेलं साधलं नाही, अशा वेळी रुग्णालयाचा आणि भुलीचा खर्च कुणी उचलायचा? मला भाचीचं म्हणणं अधिक पटतं. दुरुस्तीची शक्यता ज्याला आधीपासून माहीत असते, त्यानेच तिची तरतूद केली पाहिजे. मावशीची भीतीही खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून, दुरुस्तीची गरज आहे की नाही हे ठरवायला दुसऱ्या, स्वतंत्र प्लास्टिक सर्जनचं मत घ्यावं. त्याने "हात लावू नका" सांगितलं तर पॅकेजमधली तरतूद असूनही ऑपरेशन होऊ नये.

मात्र हा नियम होईपर्यंत रुग्णाने वाट बघायची गरज नाही. पहिल्या भेटीत लेखी विचारता येतं : तुम्ही प्लास्टिक सर्जरीचं एम.सीएच. किंवा डी.एन.बी. शिक्षण घेतलं आहे का आणि तुमची नोंदणी कोणत्या परिषदेत आहे? अशा ऑपरेशननंतर तुमच्या किती रुग्णांना दुरुस्ती लागते? ती किती महिन्यांनी आणि कोणत्या अटींवर करता? त्या वेळी तुमची फी, भूल, रुग्णालय यांतलं काय मी भरायचं? आणि मी नाराज झाले तर तक्रार कुणाकडे, किती दिवसांत उत्तर? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही, कारण त्याने त्यांची उत्तरं स्वतःसाठी आधीच ठरवलेली असतात. जिथे उत्तराऐवजी सवलतीची मुदत सांगितली जाते, तिथे आगाऊ रक्कम भरू नये.